परतीची तार

दुखण्यांमध्ये सर्वांत वाईट दुखणे कोणते, असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही म्हणू, की जे वैद्याच्या दारात पाऊल टाकताच नाहीसे होते ते. हाड मोडले तर ते मोडलेले दिसते. त्याला प्लास्टर घालता येते आणि रजेच्या अर्जाला दाखला जोडता येतो. परंतु रात्री तीन वाजता उठणारी आणि सकाळी दहा वाजता, नेमके डॉक्टरांच्या समोर बसल्यावर, पसार होणारी कळ माणसाला दुहेरी छळते. एक तर ती दुखते. आणि दुसरे म्हणजे ती दुखत होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी दुखणाऱ्यावरच येऊन पडते.

जुन्या पिढीतील लोकांना एकांतरा ताप चांगला ठाऊक होता. तो एक दिवस आड येई. आज गोधडीखाली कुडकुडत पडलेला रोगी उद्या शेतावर औत धरताना दिसे. या तापाची मौज अशी, की मधल्या दिवशी जे द्यावे त्याचा गुण येई. अंगारा लावा, ताईत बांधा, काढा पाजा, नाहीतर काहीच करू नका. त्या दिवशी ताप नसायचाच. त्यामुळे गावातल्या प्रत्येक उपायाच्या पदरी थोडेफार यश जमा होते, आणि ताप मात्र आपल्या ठरल्या दिवशी पुन्हा हजर होई.

गेल्या वर्षी, पावसाळा सरता सरता, आमच्या मोटारीला हे दुखणे जडले.

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलची, हाताने गिअर बदलण्याची, कोणाच्या डोळ्यांत न भरणारी अशी आहे. किल्ली फिरवावी, समोरचे दिवे यथास्थित लागावेत, आणि पुढे जी घरघर ऐकू यावयाची तिच्याऐवजी बॉनेटखालून 'टक्' एवढा एकच उद्गार निघावा. पुन्हा फिरवावी, पुन्हा 'टक्'. मग चौथ्या-पाचव्या खेपेस, किंवा दहा मिनिटे स्वस्थ बसल्यावर, जणू काही घडलेच नव्हते अशा थाटात ती सुरू व्हावी. दहांपैकी नऊ वेळा तर ती पहिल्याच हाकेला ओ देई.

दहांत नऊ म्हणजे नव्वद टक्के. विद्यार्थ्याला मिळाले तर पेढे वाटावेत असे हे गुण. परंतु मोटारीच्या बाबतीत हिशेब निराळा असतो. साफ बंद पडलेली गाडी एका परीने प्रामाणिक असते. ती दारात उभी राहते, आपण तिचा नाद सोडतो आणि दुसरी सोय पाहतो. दहांत नऊ वेळा चालणारी गाडी मात्र दुसरी सोय पाहू देत नाही, आणि कोणत्या वेळी दगा देईल तेही सांगत नाही. एका खेपेचा बिघाड उरलेल्या नऊ खेपांचाही भरवसा घेऊन जातो.

हा भरवसा आम्हांला का हवा होता, हे सांगितले पाहिजे. आमचे बिऱ्हाड रायपूरच्या शंकर नगरात आहे. मंत्र्यांचे आणि अधिकाऱ्यांचे बंगले या वस्तीत पुष्कळ. २०१२ साली मंत्रालय नवा रायपूरला गेल्यापासून येथल्या बहुतेक नोकरदारांच्या दिवसाची सुरुवात आणि अखेर वीस-पंचवीस किलोमीटरच्या रस्त्यावर होते. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपुरास होती; तेव्हा येथे नेमणूक झालेल्या मराठी माणसाला आपण परमुलखात आलो असे फारसे वाटत नसावे. पुढे भोपाळ राजधानी झाली, १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले, आणि आज आमच्यासारख्याचे नागपूरचे आप्त सुमारे तीनशे किलोमीटरवर असले, तरी अडीनडीला ते तीन हजार किलोमीटरवर असल्यासारखेच. बदलीच्या गावी धावून येणारी माणसे म्हणजे शेजारी, आणि धावून नेणारे वाहन म्हणजे दारातली गाडी. त्यात मातोश्री आमच्याकडे असतात. वय ब्याऐंशी, हृदय अशक्त. श्वास लागला तर अर्ध्या तासाच्या आत रुग्णालयात आणा, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. ती तारीख पाहून लागू होत नाही.

आता त्या 'टक्'चा अर्थ काय, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. प्रारंभीच्या मोटारींना विजेचा 'सेल्फ' नव्हता. पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसिडरलाही बंपरमधून असे हँडल घालण्याची सोय होती. ती गाडी उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ पासून बनू लागली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. सरकारी चाकरीत केस पांढरे झालेल्या कित्येकांना ते हँडल मारणारा चालक अजून आठवत असेल. जाणता चालक हँडल धरताना अंगठा मुठीभोवती गुंडाळीत नसे. तो बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवी. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा किंवा मनगट मोडण्याची भीती असे. हे संकट चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने टाळले. त्यापूर्वी त्याने दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. त्या कामात त्याच्या ध्यानी आले होते, की क्षणभरच काम करावयाचे असेल तर लहानशा मोटरीलाही तिच्या नेहमीच्या ताकदीपलीकडचे ओझे देता येते. याच विचारावर त्याने मोटारीचा सेल्फ रचला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांतून तो लोकांच्या हाती आला.

मात्र क्षणभराच्या या ताकदीची एक किंमत असते. गाडीच्या पुढच्या दोन दिव्यांना मिळून दहाएक अँपिअर विजेचा प्रवाह पुरतो. लहान गाडीच्या सेल्फला तोच शंभर-दीडशे अँपिअर आणि कधी त्याहून अधिक लागतो. बॅटरीपासून निघणाऱ्या तारा बोटाएवढ्या जाड असतात त्या यासाठी. वाटेत कोठे एखादा सांधा गंजला, तर दिव्यांना त्याची गंधवार्ताही नसते; अरुंद पुलावरून एक पादचारी सहज जावा आणि बैलगाडी मात्र अडावी, तसे हे आहे. म्हणूनच "दिवे तर लख्ख लागतात, मग वीज नाही असे कसे म्हणता?" हा प्रश्न वाजवी वाटला तरी फसवा असतो.

आमच्या गाडीला अनुभवी माणसांनी पाहिले नाही असे नाही. पहिल्यांनी बॅटरी बदला म्हणून सांगितले. ती चार वर्षांची होऊन निवृत्तीला आलीच होती, बदलली. गाडी नऊ दिवस गुणी मुलासारखी वागली आणि दहाव्या दिवशी म्हणाली, 'टक्'. दुसऱ्यांनी सेल्फ खोलून त्यातले कार्बन नवे घातले. तीन आठवडे स्वस्थतेचे गेले. तिसऱ्यांनी किल्लीचा स्विच बदलला आणि त्यालाही पंधरवड्याचे यश मिळाले. यांतील कोणी अप्रामाणिक होता असे आम्ही म्हणणार नाही. बॅटरी, कार्बन, स्विच यांपैकी कशानेही हे दुखणे होऊ शकते. पण तिघांनीही रोग्याला मधल्या दिवशी पाहिले होते, आणि मधल्या दिवशी काय, प्रत्येक औषध लागू पडते.

अशाच एका यशाच्या काळात, पौषातल्या एका रात्री, आम्ही एका स्नेह्यांना स्टेशनवर पोहोचवून अकराच्या सुमारास घरी आलो. पाव तास झाला नसेल, तोच मातोश्रींना श्वास लागला. सौ.ने त्यांना धरून गाडीत बसवले, आम्ही किल्ली फिरवली, आणि गाडीने आपला एकाक्षरी अभिप्राय दिला. शेजारचे निवृत्त मास्टरजी दोघा मुलांना घेऊन स्वेटर घालता घालता बाहेर आले. "आप बैठिए, हम लगाते हैं धक्का," एवढेच बोलून ते तिघे गाडीच्या मागे लागले. दुसऱ्या गिअरवर क्लच सोडताच इंजिन धडधडले, कारण चाकांनीच ते फिरवले होते आणि सेल्फची गरजच उरली नव्हती. मातोश्री तीन दिवस रुग्णालयात राहून सुखरूप घरी आल्या. पुढे त्यांनीच आमची समजूत घातली : "अरे, ती नाही निघाली तर मास्टरजी आहेत. तू का एवढा जीव टांगून घेतोस?" परंतु मास्टरजींचे वय अडुसष्ट आहे, आणि ब्याऐंशी वर्षांच्या हृदयाची जोखीम अडुसष्ट वर्षांच्या खांद्यांवर किती दिवस ठेवावी, याला काही सीमा आहे.

यानंतर आम्हांला एक वृद्ध मिस्त्री भेटले. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झालेली पाहून ते म्हणाले, "साहब, अच्छी गाड़ी में हम क्या देखें? जब बिगड़े, तब बुलाइए. और तब तक लिखते जाइए." आजवर इतक्या तज्ज्ञांकडे गेलो, पण काही न करण्याचा सल्ला देणारे हे पहिलेच. त्यांनी काय काय लिहावयाचे तेही सांगितले : गाडी किती चालली होती, थांबून किती वेळ झाला, ऊन होते की गारवा, आवाज एक आला की अनेक, आणि किल्ली धरून ठेवली असता पुढच्या दिव्यांचे काय झाले.

या शेवटच्या प्रश्नात अर्धी परीक्षा आहे. पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले आणि भराभर 'टकटक' असा आवाज आला, तर बॅटरी उतरली असावी किंवा तिच्या टर्मिनलवर मळ बसला असावा. दिवे मंदावले आणि एकच जड आवाज होऊन सारे थांबले, तर सेल्फ स्वतःच अडकला असण्याचा संभव. दिवे तसेच राहिले आणि आवाज मुळीच आला नाही, तर किल्लीचा हुकूम सेल्फपर्यंत पोहोचत नाही. स्विच, रिले, क्लचखालचा स्विच यांच्याकडे वळावे. आणि दिवे तसेच लख्ख असून एक 'टक्' आला, तर हुकूम पोहोचला, बॅटरीत जोरही आहे, पण मोठा प्रवाह वाटेत कोठेतरी अडला आहे.

नोंदी ठेवण्याच्या कामात आम्हां नोकरदारांना कोणी शिकवावयास नको. सात आठवड्यांत वहीत अकरा नोंदी झाल्या. त्या एकाखाली एक वाचल्यावर जे दिसले ते एकेकट्या प्रसंगातून कधीच दिसले नसते. सकाळच्या पहिल्या किल्लीला गाडी एकदाही अडली नव्हती. अकरापैकी दहा वेळा ती चांगली तापून, दहा ते वीस मिनिटे उभी राहिल्यानंतर अडली होती : भाजीबाजारापाशी, औषधांच्या दुकानापाशी, पेट्रोलपंपावर. आणि अकराही वेळा दिवे लख्ख, आवाज एक.

चैत्र उजाडला आणि रायपूरचे ऊन आमच्या मदतीस आले. तिसऱ्या प्रहरी गाडी तेलीबांधा तलावापर्यंत फिरवून आणावयाची, दारात पंधरा मिनिटे उभी करावयाची आणि किल्ली फिरवावयाची, असा क्रम आम्ही धरला. तीन दिवस ती निमूट सुरू झाली. रोग व्हावा म्हणून वाट पाहणारा मनुष्य शेजाऱ्यांना कसा दिसत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. चौथ्या दिवशी तिने 'टक्' म्हटले आणि आम्हांला जो आनंद झाला तो सौ.ला समजावून सांगणे कठीण गेले. आम्ही कशाला हात न लावता मिस्त्रींना फोन केला. वीस मिनिटांत ते स्कूटरवरून मीटर आणि जाड तारेचा एक तुकडा घेऊन आले. सुदैवाने दुखणे अजून जागेवर होते.

बॅटरी नुसती मोजली तेव्हा साडेबारा व्होल्ट भरली. आम्ही किल्ली धरून ठेवली तेव्हाही ती बाराच्या जवळपास होती. म्हणजे तिच्याकडे दोष नव्हता. मग त्यांनी मीटरची एक सुई बॅटरीच्या काळ्या टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवली. ही दोन ठिकाणे विजेच्या दृष्टीने एकच असावयास हवीत. किल्ली धरली असता त्यांच्यात पाव-अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक अंतर पडता कामा नये. मीटरने नऊ दाखवले. बारांपैकी नऊ व्होल्ट त्या काळ्या बाजूच्या कोठल्याशा सांध्यातच खर्ची पडत होते आणि सेल्फच्या वाट्याला जेमतेम तीन येत होते.

मिस्त्रींनी काही न बोलता तो जाड तारेचा तुकडा काळ्या टोकापासून इंजिनापर्यंत लावला. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले. बंद केले, तुकडा काढला, 'टक्'. लावला, सुरू. काढला, 'टक्'. असे त्यांनी तीन वेळा केले. एकदा सुरू झाले यावर ते समाधान मानावयास तयार नव्हते. उपाय केला आणि गुण आला, हा पुरावा नव्हे. उपाय काढला आणि दुखणे परतले, पुन्हा केला आणि पुन्हा गेले, हा पुरावा. "बैटरी नहीं, सेल्फ नहीं, साहब," ते म्हणाले, "इसको अर्थ नहीं मिल रहा."

मोटारदुरुस्तीच्या भाषेतला हा 'अर्थ' म्हणजे विजेची परतीची वाट. बॅटरीतून निघालेला प्रवाह काम करून बॅटरीतच परत आला पाहिजे. परतता येत नसेल तर तो निघतही नाही. दिवे, पंखा, भोंगा यांचा प्रवाह गाडीच्या पत्र्यातून परततो. पण इंजिन पत्र्यावर टेकलेले नसते. त्याची थरथर गाडीत बसणाऱ्यांना जाणवू नये म्हणून ते रबराच्या ठोकळ्यांवर ठेवलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनाला परतीसाठी एक वेगळी, विणलेल्या पट्टीसारखी तार दिलेली असते. आमच्या गाडीत ती गिअरबॉक्सच्या अंगाला एका बोल्टने आवळली होती. तो बोल्ट काढला तेव्हा पट्टीच्या कडीखाली हिरवट-पांढऱ्या गंजाचा थर निघाला. रस्त्यांवर साचलेल्या पाण्यातून जाऊन जाऊन तो धरला असावा. थंड असताना कडी कशीबशी टेकत होती. गाडी तापली की सांधा किंचित सैल पडे आणि वाट अरुंद होई. दिवे दुसऱ्या वाटेने परतत असल्यामुळे ते मात्र शेवटपर्यंत लख्ख राहिले. नवी पट्टी, घासून चकचकीत केलेली जागा, थोडे ग्रीस आणि नीट आवळलेला बोल्ट. खर्च तीनशे रुपयांच्या आत. त्या दिवसापासून पावसाळाही जाऊन आला, पण वहीत बारावी नोंद झालेली नाही.

या साऱ्यात आम्हांला जे लक्षणीय वाटले ते असे, की चार-सहा महिने सर्वांचे लक्ष जाणाऱ्या वाटेकडे होते. बॅटरीचा जोर, किल्लीचा हुकूम, सेल्फचे बळ, लाल रंगाची जाड तार. सारे पाहून झाले. परतीच्या तारेकडे कोणी पाहिले नाही. ती खाली, चिखलाच्या बाजूला असते, काळी असते, आणि तिच्यातून काही 'जाते' असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

कचेरीत बसून काम करणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रकार अनोळखी वाटू नये. वरून खाली जाणारी तार आपल्याकडे भक्कम असते. परिपत्रक निघते, आदेश सुटतो, निधी मंजूर होतो. खालून वर येणारी तार म्हणजे एखाद्या गावकऱ्याचा अर्ज : आमच्या पाड्यावरचा हातपंप दुपारी पाणी देत नाही, दवाखाना उघडा असतो, पण कधी कधी औषध नसते. मग पाहणी होते. ती बहुधा आगाऊ कळवून, सकाळी, उन्हे चढण्यापूर्वी होते, आणि फायलीवर शेरा पडतो : "प्रत्यक्ष पाहणी केली असता सर्व सुस्थितीत आढळले. तक्रारीत तथ्य नाही." शेरा खरा असतो. सकाळी पंप पाणी देतच असतो. आमचीही गाडी सकाळी कधी अडली नव्हती.

असा शेरा आमच्या मेजावर येतो तेव्हा आम्ही त्याच्या खाली दोन प्रश्न लिहून तो परत पाठवतो : पाहणी कोणत्या वेळी केली? आणि अर्जदार कोणती वेळ सांगत होता? पुष्कळदा उत्तर यावयास उशीर लागतो. मागच्याच महिन्यात एका तरुण अभियंत्याने मात्र दुपारी दोन वाजता जाऊन, अर्जदारासमोर पंप हापसून, पाणी येत नसल्याचे लिहून पाठवले आणि खाली दुरुस्तीचा अंदाज जोडला. अर्ज चौदा महिन्यांचा जुना होता. दुरुस्तीचे साहित्य निघाले आहे.